मराठवाड्यातून थरच्या वाळवंटात : कॅम्पर गाडीची तयारी आणि प्रवास

मराठवाड्यातील माणसाला पाणी मोजून वापरायला शिकवावे लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, आणि टँकर कधी येणार यावर दिवसाची कामे ठरवण्याची सवय बीड, जालना, धाराशिवकडच्या कितीतरी घरांना आहे. त्यामुळे स्वतःच्या गाडीत झोपण्या-रांधण्याची सोय करून पश्चिम राजस्थानात आणि कच्छमध्ये जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींची पाण्याची तयारी बहुधा चांगली असते. फसगत होते ती वजनात, वाळूत आणि मिठाच्या पापुद्र्यावर, कारण या तीन गोष्टींशी काळ्या मातीत वाढलेल्या चालकाचा संबंध आलेला नसतो.

पुढील मार्गदर्शन फोर बाय फोर नसलेल्या साध्या गाडीने, दोन ते चार माणसांनी, हिवाळ्यात करायच्या प्रवासासाठी आहे. ते ज्या भूमिकेवर उभे आहे ती आधीच सांगितलेली बरी. कॅम्पर हे डांबरी रस्त्याच्या आणि घट्ट वाटेच्या शेवटापर्यंत न्यायचे घर आहे. तिथून पुढे टिब्ब्यांवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, पायी जावे किंवा उंटावरून जावे. समाजमाध्यमांवर टिब्ब्याच्या माथ्यावर उभ्या केलेल्या घरगाड्यांची छायाचित्रे दिसतात, परंतु ती गाडी खाली कशी उतरवली आणि ओढायला कोणाचा ट्रॅक्टर आला, हे त्या छायाचित्रात येत नाही.

गाडी, कागदपत्रे आणि वजनकाटा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला आहे. म्हणून आसने कायमची काढून टाकणे, छत उंच करणे किंवा गॅसची पक्की जोडणी करणे यांपैकी काहीही आरटीओला विचारल्याशिवाय करू नये. कारखान्यातून तयार होणाऱ्या मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. पण ज्यांना वर्षातून एकदोनदाच बाहेर पडायचे आहे त्यांनी काढता-घालता येणारी लाकडी पेटी, घडीचा पलंग आणि मागच्या दारात उघडणारा ओटा एवढ्यावर भागवावे. विम्याचा दावा नाकारला जाण्याची वेळ आलीच, तर ती घरापासून हजार किलोमीटरवर येते, हे ध्यानात ठेवावे. गाडी पिवळ्या पाटीची असेल, तर परराज्याचा पर्यटन परवाना निघण्यापूर्वीच काढावा.

वाळुज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत चांगले फॅब्रिकेटर आहेत आणि त्यांचे काम मजबूत असते. मात्र मजबूत म्हणजे जड अशी त्यांची धारणा असते. लोखंडी अँगलचा पलंग, चेकर्ड प्लेटची जमीन आणि छतावर जाड पाइपचा कॅरिअर असे करत गेले, की माणसे आणि पाणी चढण्यापूर्वीच गाडीची भार वाहण्याची क्षमता संपत आलेली असते. घरच्या इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी एकटीच पन्नास किलोच्या पुढे जाते, आणि तिचा निम्माच साठा वापरायचा असतो. त्याऐवजी शंभर अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली, तर ती बारा किलोच्या आसपास भरते आणि तिच्यातील बहुतेक वीज वापरता येते. पैसे जास्त जातात, हे खरे आहे. पण वाळूत चाळीस किलो कमी असणे ही चैन नव्हे.

गाडी पूर्ण भरून वजनकाट्यावर नेणे ही या तयारीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी आहे. जिनिंगच्या किंवा साखर कारखान्याच्या परिसरात, मोंढ्याजवळ, काटा सगळीकडे मिळतो. डिझेलची टाकी भरलेली, पाण्याचे कॅन भरलेले, प्रवासाला येणारी सर्व माणसे आत बसलेली, अशा स्थितीत आधी सगळी गाडी काट्यावर घ्यावी, मग पुढची चाके तेवढी काट्यावर ठेवून दुसरी चिठ्ठी घ्यावी आणि शेवटी मागच्या चाकांची तिसरी. काटेवाला क्षणभर आश्चर्याने पाहतो, पण देतो. पहिला आकडा आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी ताडून पाहावा. मागच्या चाकांवर फार भार पडत असेल, तर पाणी आणि बॅटरी मागच्या धुऱ्याच्या पुढे सरकवावी. छतावर गाद्या, रिकामे कॅन आणि ताडपत्री यांपलीकडे काही ठेवू नये. गाडीचा जोर कोणत्या चाकांवर आहे हेही पाहून ठेवावे. टाटा विंगर पुढच्या चाकांवर चालते आणि फोर्स ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर; मऊ चढावर पुढच्या चाकांची गाडी लवकर हार मानते, कारण चढावर भार मागे सरकतो आणि ओढणारी चाके हलकी होतात.

विजेबद्दल थोडक्यात सांगायचे, तर २०० वॅटचे सौरपॅनेल दोन माणसांचे दिवे, फोन आणि लहानसा फ्रीज यांना राजस्थानच्या हिवाळी उन्हात पुरते. पॅनेलवरची धूळ रोज सकाळी कोरड्या फडक्याने झटकावी. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज असलाच पाहिजे. बीएस-६ गाडीच्या अल्टरनेटरवरून दुसरी बॅटरी भरायची असेल, तर मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लागतो. साध्या रिलेने ती नीट भरत नाही.

पाणी

हिवाळ्यात पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी रोज पाच ते सहा लिटर आणि हातपाय, तोंड, भांडी यांसाठी चार लिटर धरावे. दोन माणसांना पाच दिवसांसाठी शंभर लिटर होतात, त्यावर एक तृतीयांश राखीव धरले की सुमारे एकशेतीस लिटर, म्हणजे तेवढेच किलो. हे सर्व पाणी एका टाकीत भरू नये. खडबडीत वाटेवर टाकीला तडा गेला किंवा तोटी तुटली, तर साठा एका तासात जमिनीत जातो. वीस लिटरचे घट्ट झाकणाचे कॅन घ्यावेत, ते खाली, जमिनीलगत पट्ट्याने बांधावेत आणि त्यांतील दोन कॅन परतीच्या वाटेला लागेपर्यंत उघडू नयेत. आपल्याकडे घरोघरी येतो तो पाण्याचा जार या कामाचा नाही, कारण त्याचे झाकण हादऱ्याने सुटते.

थरमध्ये विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी अनेक ठिकाणी खारे असते आणि त्यात फ्लोराइडही असते. कँडल फिल्टर किंवा क्लोरीनच्या गोळ्या जंतूंवर काम करतात, क्षारांवर नाही. पिण्याचे पाणी मोठ्या गावात आरओ केंद्रावरून भरून घ्यावे. इंदिरा गांधी कालवा मोहनगढ-रामगढच्या बाजूने जातो आणि त्याचे निळे पाणी पाहून उतरण्याचा मोह होतो; तथापि कालव्याचे काठ उताराचे आणि काँक्रीटचे आहेत, आत पडलेल्या माणसाला चढून येता येत नाही.

भांडी धुण्यात सर्वांत जास्त पाणी जाते. तिकडच्या ढाण्यांवर, म्हणजे वस्त्यांवर, ताटे कोरड्या वाळूने घासून फडक्याने पुसतात आणि ती स्वच्छ निघतात. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, धपाटे, दशम्या आणि कडक भाकरी हा आपला शिधा येथे फार उपयोगी पडतो, कारण त्याला ना पाणी लागते ना फ्रीज. शिजवायचे असेल, तेव्हा कुकर वापरावा. पाच किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. तो उभा, पट्ट्याने बांधलेला असावा आणि झोपताना त्याची खटकी बंद असावी.

निघण्यापूर्वी एक रंगीत तालीम घरीच करावी. गाडी अंगणात उभी करून दोन दिवस तिच्यातच राहावे आणि घरातील एकाही नळाला हात लावू नये. कॅन किती रिकामे झाले ते मोजल्यावर जो आकडा येतो तोच खरा, वर दिलेले आकडे केवळ सुरुवातीचा अंदाज आहेत.

हंगाम आणि मार्ग

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हाच काळ योग्य. आपल्याला उन्हाची सवय आहे, मार्चमध्ये गेले तरी चालेल, असे आपल्याकडे हमखास म्हटले जाते. जैसलमेर-जोधपूरच्या मधल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले होते. परभणीच्या बेचाळीस-त्रेचाळीसची सवय तेथे कामाला येत नाही, आणि एप्रिलपासून येणाऱ्या आंधीत समोरची दहा पावलेही दिसत नाहीत. याच्या उलट जानेवारीच्या रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि पत्र्याची गाडी आतून गारठते. दोन वाकळा, कानटोपी आणि जाड मोजे न्यावेत. शेगडी किंवा निखारे आत घेऊन कधीही झोपू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडी असली तरी खिडकीची दोन बोटे फट दोन्ही बाजूंना उघडी ठेवावी. त्यामुळे श्वासाची वाफ पत्र्यावर साचून पहाटे अंगावर ठिबकत नाही.

छत्रपती संभाजीनगरहून जैसलमेर साधारण बाराशे किलोमीटर पडते. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव, धुळे, तेथून नवापूरमार्गे सुरत, मग अहमदाबाद, पालनपूर, सांचोर आणि बाडमेर हा मार्ग रुंद आणि सरळ आहे. दुसरा मार्ग धुळ्याहून शिरपूर, सेंधवा, इंदूर, चित्तोडगड, जोधपूर असा आहे. जाताना एका आणि येताना दुसऱ्या मार्गाने यावे. वाटेतले मुक्काम मोठ्या पेट्रोल पंपावर किंवा चालू ढाब्यावर, परवानगी घेऊन करावेत. महामार्गालगतच्या निर्जन शेतापेक्षा तो दिव्यांचा आणि ट्रकांचा गोंगाट अधिक सुरक्षित असतो. बीएस-६ डिझेल गाडी असल्यास महामार्गाच्या या टप्प्यातच तिच्या धुराच्या नळीतील काजळी-फिल्टरची सफाई पूर्ण होऊ द्यावी, कारण पुढे दोन दिवस कमी वेगाने चालवल्यावर त्यात काजळी साचते आणि नेमका आडरानात इशाऱ्याचा दिवा लागतो.

जैसलमेरपासून पश्चिमेला सम हे टिब्ब्यांजवळचे गाव सुमारे चाळीस किलोमीटरवर, तर उत्तर-पश्चिमेला रामगढ साठ आणि तनोट सुमारे एकशेवीस किलोमीटरवर आहे. तनोटमातेच्या मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहते, आणि १९६५ च्या युद्धात न फुटलेले बॉम्ब तेथे ठेवलेले आहेत. जवळच लोंगेवाला आहे, जेथे डिसेंबर १९७१ ची लढाई झाली. येथपर्यंत रस्ता डांबरी आणि चांगला आहे. त्यापुढे सीमेकडे जाण्यासाठी परवानगी लागते आणि ती नसेल, तर वाद न घालता मागे फिरावे. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र जवळ असावे, चौक्यांची छायाचित्रे काढू नयेत आणि ड्रोन घरीच ठेवावा. पोखरणच्या परिसरातील गोळीबार सरावाच्या क्षेत्रात फलक दिसताच आडवाट सोडावी, तेथे न फुटलेले तोफगोळे असू शकतात.

डिझेलच्या बाबतीत एक तृतीयांशाचा नियम पाळावा. एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि उरलेले न मोजता ठेवण्यासाठी. वाळूच्या वाटेवर खप दीडपट ते दुप्पट होतो. टाकी निम्म्यावर आली आणि पुढचा पंप नक्की ठाऊक नसला, तर परत फिरण्याची वेळ झाली असे समजावे. सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नये. उंट, गायी आणि नीलगायी रस्त्यावर येतात. उंटाचे डोळे हेडलाइटच्या उंचीच्या वर असल्यामुळे चमकत नाहीत आणि अंधारात आधी त्याचे पायच दिसतात.

वाळू

काळ्या मातीत अडकलेली गाडी आपण जोर देऊन काढतो. चाक फिरत राहिले की चिखल फेकला जातो आणि खालची घट्ट जमीन लागते, निदान तशी आशा असते. वाळूत हीच सवय घात करते, कारण खाली घट्ट असे काही नसते आणि चाकाचा प्रत्येक फेरा गाडीला खाली नेतो. म्हणून चाके जागच्या जागी फिरू लागल्याचे जाणवताच पाय उचलणे, ही एक प्रतिक्रिया अंगवळणी पाडून घ्यावी. पहिल्या दोन सेकंदांत थांबलेली गाडी दहा मिनिटांत निघते. पंधरा सेकंद जोर लावलेल्या गाडीला दुपार लागते.

डांबर सोडण्यापूर्वी टायरमधील हवा कमी करावी. नेहमी पस्तीस पीएसआय असलेल्या हलक्या गाडीत ती पंचवीसवर आणावी, वाळू मऊ लागली तर वीसपर्यंत. पन्नास-साठ पीएसआय घेणाऱ्या मोठ्या व्हॅनमध्ये आधी एक तृतीयांशाने कमी करावी. व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात ठेवावी, खिळ्याच्या टोकाने मधली पिन दाबावी आणि प्रत्येक वीस सेकंदांनी गेज लावून पाहावे. हवा उतरत जाते तसा टायरचा कडेचा भाग किंचित फुगतो आणि जमिनीवरचा ठसा लांबट होत जातो. गाडी दोन फूट पुढे घेऊन मागे पाहिले, तर आधीची खोल, धारदार रेघ जाऊन तेथे उथळ, सपाट पट्टा उमटलेला दिसतो. तो पट्टा दिसला की पुरे. पंधराच्या खाली जाऊ नये, कारण वळणावर टायर रिममधून सुटतो. अशा टायरवर ताशी तीस किलोमीटरपेक्षा जास्त वेग आणि झटक्याची वळणे टाळावीत, आणि डांबरावर येताच हवा परत भरावी. त्यासाठी लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा पंप न घेता थेट बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा कॉम्प्रेसर घ्यावा.

पहाटे वाळू थंड आणि थोडी दमट असल्यामुळे घट्ट असते, दुपारी तीच वाळू मऊ होते. सकाळी सहज पार केलेला पट्टा परतताना गाडी गिळू शकतो, हे धरूनच परतीची वेळ ठरवावी. अनोळखी पट्टा आधी चालून पाहावा. टाच टेकवून चालताना पाऊल घोट्यापर्यंत जात असेल, तर साध्या गाडीने तेथे जाऊ नये. दुसरा गिअर, एकसारखा वेग, सरळ चाके, आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद करण्याची सोय असल्यास ते बंद. थांबायचे असेल, तेव्हा ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू द्यावी, कारण ब्रेकमुळे चाकांपुढे वाळूची लहान भिंत तयार होते. आणि शक्यतो उताराच्या तोंडावर थांबावे, म्हणजे पुन्हा निघणे सोपे जाते. टिब्ब्याची वाऱ्याकडची बाजू लांब, सौम्य आणि घट्ट असते, तर आडोशाची बाजू खडी आणि पिठासारखी मऊ असते. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माथा ओलांडू नये.

गाडी रुतलीच, तर खाली उतरून आधी पोटाखाली पाहावे. चेसिस किंवा मागचा डिफरन्शिअल वाळूवर टेकला असेल, तर चाकांखाली काहीही घातले तरी उपयोग नाही. आधी पोटाखालची वाळू लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढावी. नंतर चाकांच्या पुढे, आणि मागे जायचे असल्यास मागे, उताराची चर काढावी. मागे जाणे बहुधा सोपे असते, कारण आपल्याच चाकांनी दाबलेला रस्ता तयार असतो. मग चाकाला अगदी भिडवून रिकव्हरी बोर्ड लावावेत. ते विकत घ्यायचे नसतील, तर दोन फूट लांबीच्या जाड प्लायच्या फळ्या आणि मोंढ्यातून आणलेली सहा-आठ बारदाने पुरतात. बारदान थोडे ओले केले तर अधिक धरते, पण तेवढ्यासाठी पिण्याचे पाणी वापरू नये. गाडी निघू लागली की बोर्डवर थांबू नये, घट्ट जमीन येईपर्यंत जावे आणि बोर्ड आणायला चालत परत यावे. जॅक लावताना खाली रुंद फळी हवी, अन्यथा गाडीऐवजी जॅकच खाली जातो. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली अंग घालू नये, मग नट कितीही जवळ गेलेला असो.

एवढ्याने भागले नाही, तर जवळच्या ढाणीवरचा ट्रॅक्टर हाच खरा उपाय. रामराम तिकडेही चालतो, आणि त्यानंतर दर आधी ठरवून घ्यावा. नव्या गाड्यांत पुढची ओढण्याची कडी स्क्रूने बसवायची असते आणि ती स्टेपनीच्या खाली ठेवलेली असते. सगळे सामान काढल्याशिवाय ती सापडत नाही, म्हणून ती घरीच काढून डॅशबोर्डमध्ये ठेवावी. साखळी टाळून चांगला पट्टा वापरावा, पट्ट्याच्या मध्यावर वाकळ टाकावी, म्हणजे तो तुटल्यास उसळी कमी होते, आणि पट्ट्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

वाळूपेक्षा काट्यांनी गाड्या जास्त थांबतात, हेही सांगून ठेवतो. आपल्याकडे तळ्यांच्या काठी माजलेली वेडी बाभूळ कच्छ-राजस्थानातही तशीच पसरली आहे आणि हवा कमी केलेल्या टायरच्या कडेला तिचा काटा सहज घुसतो. ट्यूबलेस पंक्चरच्या वाती, दोन स्टेपन्या आणि एअर फिल्टरचा एक जादा संच न्यावा.

मुक्कामाची जागा

अनोळखी माणसाला मुक्कामासाठी सर्वांत उत्तम वाटणारी जागा तेथे बहुतेक वेळा चुकीची असते. सपाट, घट्ट, झाडझुडूप नसलेला, हलका उतार असलेला पट्टा दिसतो आणि मध्ये एखादे गोल झाकणाचे कुंड असते. तो आगोर असतो, म्हणजे टांक्यात किंवा तलावात पावसाचे पाणी वाहून यावे म्हणून गावाने राखलेली जमीन. वर्षाला वीस सेंटिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात गावाचे पिणे त्यावर असते; तेथे गाडी उभी करणे, तेल सांडणे किंवा शौचाला बसणे हा मोठाच अपराध होय. तसेच बांध घातलेल्या सखल शेताला खडीन म्हणतात आणि हिवाळ्यात त्यात मुरलेल्या ओलीवर गहू-हरभरा उभा असतो. देवाच्या नावाने राखलेल्या ओरणात झाडाची फांदीही तोडत नाहीत. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्यासाठी जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० मध्ये ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, तेव्हा शेकोटीसाठी कुऱ्हाड काढण्याचा विचारही करू नये. गॅस आहे तेवढा पुरे.

म्हणून सूर्यास्ताच्या दोन तास आधी वस्तीवर जावे, एखाद्या ज्येष्ठ माणसाला काकासा म्हणून विचारावे आणि तो दाखवेल तेथे थांबावे. डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्काम करू नये. आपल्या नान्नजच्या माळरानावर जो माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला आहे, त्याचे उरलेले बहुतेक पक्षी याच भागात आहेत. टिब्ब्याच्या आडोशाच्या पायथ्याशी आणि चिकण मातीच्या वाळलेल्या तळावरही थांबू नये. हिवाळ्यात कधीकधी मावठ येते, तिकडची अवकाळी. असा तळ एका सरीत आपल्या काळ्या रानासारखाच होतो आणि मग सकाळी चाके भरून येतात. गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, दार आडोशाला ठेवावे. वाळलेल्या सेवण गवतावर गाडी उभी करू नये, तापलेल्या सायलेन्सरने ते पेटते.

फुरसे आणि मण्यार तेथेही आहेत. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये, बूट झटकून घालावेत, जमिनीवर अंथरूण टाकू नये. दंश झाल्यास मांत्रिक किंवा आवळपट्टी यांत वेळ न घालवता अंग न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ हे क्रमांक चालतात, सिग्नल असेल तर.

कच्छचे रण

परतीच्या वाटेवर कच्छ जोडायचा असेल, तर तेथील नियम वेगळे आहेत. पावसाळ्यात रणात पाणी भरते आणि ते हिवाळ्यात हळूहळू सुकते. वर मिठाचा पांढरा थर दिसतो आणि खाली काळा चिखल तसाच असतो. पापुद्रा माणसाला पेलतो, गाडीला पेलेलच असे नाही, आणि एकदा फुटला की चारही चाके चिखलात असतात व ट्रॅक्टरसुद्धा जवळ येऊ शकत नाही. रणात रस्ता सोडून एक चाकही खाली उतरवू नये, अगदी आधी गेलेल्या गाडीचे ठसे दिसत असले तरी. धोरडोच्या पांढऱ्या रणासाठी भिरंडियाराजवळ परवाना मिळतो. खावड्याहून धोळावीराला जाणारा सरळ रस्ता दोन्ही बाजूंच्या मिठातून जातो. धोळावीरा २०२१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. हडप्पा काळातील लोकांनी तेथे खडकात खोदलेले जलाशय पाहण्यासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवावा. पाणी साठवण्याचा विचार त्यांनी किती बारकाईने केला होता, ते आपल्याकडच्या माणसाला पटकन कळते.

संपर्क तुटल्यास

उपग्रह फोन भारतात परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि सीमावर्ती जिल्ह्यात तो सापडला तर प्रकरण गंभीर होते. परदेशी चित्रफिती पाहून तसली संदेश-यंत्रे मागवू नयेत. नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवावेत, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे घ्यावीत. घरच्या एका जबाबदार माणसाकडे रोजचा मार्ग, मुक्कामाचे गाव आणि फोनची ठरलेली वेळ लेखी ठेवावी. सायंकाळी सातचा फोन आला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत थांबावे आणि नंतर जिल्हा पोलिसांना फोन करावा, असे त्या कागदावर स्पष्ट लिहावे. नाहीतर आई रात्री नऊला सगळ्या नातेवाइकांना जागे करते किंवा कोणीच काही करत नाही.

गाडी बंद पडली आणि कोणी दिसत नसले, तर गाडी सोडू नये. शोधणाऱ्याला माणसापेक्षा गाडी फार लवकर दिसते, तिची सावली आहे, पाणी तिच्यात आहे. दोन तासांपूर्वी एखादी ढाणी ओलांडली असली, तरी उन्हात तिकडे चालत निघू नये. ताडपत्री बांधून सावली करावी, दिवसा हालचाल कमी ठेवावी, तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर पिणे कमी पडते आहे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे मिश्रण पुरते. चमचा चहाचा घ्यावा. रेडिएटरमधील पाण्यात कूलंट असते, ते विषारी आहे.

परत आल्यावर

घरी पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुवावी, कच्छला गेला असाल तर दोनदा, कारण चेसिसच्या सांध्यांत राहिलेले मीठ पहिल्या पावसाळ्यात गंज धरते. एअर फिल्टर उघडून पाहावा आणि झटकून परत न बसवता नवा घालावा. एसीचा फिल्टर, ब्रेकचे ड्रम आणि दारांच्या रबरी पट्ट्या यांतील वाळू हवेच्या दाबाने काढून घ्यावी. पाण्याचे कॅन ब्लीचने धुऊन, उलटे, झाकण उघडे ठेवून वाळवावेत. प्रत्येक टायर हाताने फिरवून आत राहिलेले काटे पक्कडीने काढावेत; काही काटे महिनाभर तसेच राहतात आणि मग जालन्याच्या रस्त्यावर हवा जाते.